खुणा घासलेले स्वस्त टायर घ्यावेत का?

प्रश्न असा आहे: गाडीचे चारही टायर बदलायचे आहेत. एका विक्रेत्याकडे अगदी नवे दिसणारे टायर जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत आहेत. नक्षी पूर्ण आहे, रबर काळंभोर आहे, पण बाजूवरची काही अक्षरं आणि आकडे घासून काढलेले आहेत. विक्रेता म्हणतो, माल कंपनीचाच आहे, दिसण्यात किरकोळ दोष असल्यामुळे खुणा काढून विकतात. घ्यावेत का?

घेऊ नका. उत्तर एवढंच आहे, पण त्यामागचं कारण कळलं नाही तर उद्या दुसरा विक्रेता दुसरी सबब सांगेल आणि तुम्ही पुन्हा विचारात पडाल, म्हणून सविस्तर लिहितो. टायरची तपासणी आणि बिघडलेल्या टायरच्या तक्रारी हेच माझं काम. फुटलेला, सोललेला, फुगा आलेला टायर समोर आला की आम्ही आधी नक्षी बघत नाही, बाजू वाचतो. तिथे वाचायला काही उरलं नसेल तर पुढची बरीचशी तपासणी अंदाजावर येते. आणि हे सगळी उपकरणं हाताशी असलेल्या माणसाचं झालं. दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या ग्राहकाकडे तर डोळे आणि बोटं याशिवाय काहीच नसतं.

टायरच्या बाजूवर नेमकं काय लिहिलेलं असतं, तिथून सुरुवात करू. समजा, २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं लिहिलं आहे. २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी, १६ हा रिमचा व्यास इंचांत. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं ९१ आणि व्ही मात्र फार थोडे लोक वाचतात. ९१ हा भारांक आहे. असा एक टायर योग्य हवा असताना ६१५ किलो वजन पेलू शकतो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेगापर्यंतची क्षमता; एच असेल तर २१०, टी असेल तर १९०. ह्याच मापाचा जास्त वजन पेलणारा टायरही मिळतो. त्यावर एक्सएल असं लिहिलेलं असतं आणि भारांक ९४, म्हणजे ६७० किलो. दिसायला दोन्ही सारखेच, पण जास्त वजन पेलायचं तर एक्सएलला हवाही जास्त लागते. खूण घासलेली असेल तर तुमच्या हातात ह्यातला कोणता आहे आणि त्यात किती हवा भरायची, हे ठरवायला काहीच आधार राहत नाही.

त्याशिवाय मान्यतेच्या खुणा असतात. वर्तुळातला ई आणि त्याच्याजवळचा आकडा म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार टायरला मान्यता मिळाली आहे. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो, १ जर्मनीचा, २ फ्रान्सचा, ४ नेदरलँड्सचा. अमेरिकेच्या रस्त्यांसाठी डीओटी, भारतात आयएसआय, अशी प्रत्येक ठिकाणची पद्धत. ह्या खुणांचा अर्थ टायर उत्तम आहे असा नाही. ठरलेल्या किमान चाचण्यांतून तो प्रकार पार झाला आहे आणि बनवणारा त्याची जबाबदारी घेतो, इतकाच अर्थ. तो अर्थही फार मोलाचा आहे, कारण रबराच्या आत काय आहे हे तुम्हाला कधीच दिसणार नाही.

आणि मग येतो डीओटीनंतरचा कोड. सुरुवातीची अक्षरं कारखान्याची असतात आणि शेवटचे ४ आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ही चार आकडी पद्धत २००० सालापासूनची. त्याआधी तीनच आकडे असत. तारखेचे हे आकडे साच्यात बसवलेल्या एका छोट्या, काढता येणाऱ्या धातूच्या पट्टीवरून उमटतात, म्हणून नीट पाहिलं तर त्यांच्याभोवती एक बारीक चौकट दिसते. ही चौकट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता तुमच्या समोरच्या टायरवर यातलं नेमकं काय घासलेलं आहे? 'खुणा काढल्या आहेत' असं सगळ्यांना एकाच मापात बसवून चालणार नाही.

फक्त कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव काढलेलं असेल आणि माप, भारांक, मान्यतेची खूण, तारखेसकट पूर्ण कोड जागच्या जागी असेल, तर विक्रेत्याचं म्हणणं खरं असण्याची शक्यता आहे. दिसण्यापुरता दोष असलेला माल, साच्याची रेघ जाड आलेला किंवा अक्षर अर्धवट उमटलेला टायर, काही उत्पादक कमी किमतीत काढतात. आपलं नाव त्यावर राहू नये असं त्यांना वाटणं समजण्यासारखं आहे. पण टायर रस्त्यावर चालवण्यासाठी विकायचा असेल तर कोड काढायचं त्यांना काहीच कारण नसतं. रंगात फरक आहे म्हणून कुणी तारीख घासत नाही.

कोड आणि तारीख घासलेली असेल तर त्यामागची कारणं वेगळी असतात, आणि त्यातलं एकही ग्राहकाच्या भल्याचं नाही. पहिलं, हमीच्या तक्रारीवरून परत घेतलेला टायर. ग्राहकाला भरपाई दिल्यावर तोच टायर पुन्हा दाव्यासाठी येऊ नये म्हणून त्याचा कोड घासून किंवा कापून टाकायची पद्धत आहे. तो टायर भंगारात जायला हवा. तो तिथून बाहेर पडला की पॉलिश होऊन पुन्हा विक्रीला येतो. दुसरं, कारखान्यातच नापास झालेला टायर. तिसरं, परत मागवलेल्या खेपेतला टायर. चौथं, चोरीचा माल, कारण कोडवरून खेप ओळखता येते आणि काही कंपन्या प्रत्येक टायरला स्वतंत्र क्रमांकही देतात. पाचवं, जे सगळ्यात जास्त आढळतं, ते म्हणजे वय लपवणं. विक्रेत्याला स्वतःला ह्यातलं कोणतं कारण आहे हे माहीत नसेल, हेही शक्य आहे. त्याच्याकडे माल तसाच आला असेल आणि त्याला जे सांगितलं गेलं तेच तो तुम्हाला सांगत असेल. त्याच्या प्रामाणिकपणाने टायरची माहिती परत येत नाही.

मापच घासलेलं असेल तर बोलणंच संपलं. त्यावर पुढे लिहितो.

कोड इतका महत्त्वाचा का, याचं सगळ्यात ठळक उदाहरण २००० सालचं आहे. त्या वर्षी ९ ऑगस्टला फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. धावत्या गाडीच्या टायरची नक्षी खालच्या पट्ट्यासकट सुटून येत होती आणि गाड्या उलटत होत्या. अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेकडच्या नोंदींमध्ये पुढे २७१ मृत्यूंचा संबंध ह्या टायरशी जोडला गेला. त्या आदेशात वाइल्डरनेस एटी नावाचा एक टायर होता, पण सगळे वाइल्डरनेस एटी नव्हते. ठरावीक मापाचे आणि इलिनॉयमधल्या डेकेटर इथल्या कारखान्यात बनलेले तेवढेच परत मागवले होते. म्हणजे एकाच नावाचे, एकाच मापाचे, एकसारख्या नक्षीचे दोन टायर शेजारी ठेवले, तर त्यातला कोणता लगेच उतरवायचा हे सांगणारी खूण एकच होती, बाजूवरच्या कोडमधली कारखान्याची अक्षरं. ती अक्षरं घासलेला टायर कुणाच्या गाडीवर असता, तर बातमी वाचूनही त्या माणसाला काही कळलं नसतं. टायर परत मागवण्याचे आदेश आजही निघत असतात, बहुतेक वेळा ते काही आठवड्यांच्या उत्पादनापुरते असतात, आणि ते तुमच्यापर्यंत पोचायचे तर कोड शाबूत लागतो.

नक्षी सुटते म्हणजे काय होतं, तेही सांगतो, कारण 'हवा भरून बघा, काही होत नाही' हा युक्तिवाद तिथेच कोसळतो. रेडियल टायरच्या नक्षीखाली बहुधा पोलादी तारांचे दोन पट्टे असतात. रबर पोलादाला थेट चिकटत नाही, म्हणून तारांवर पितळेचा पातळ मुलामा असतो. टायर साच्यात साधारण १५० ते १८० अंश तापमानाला शिजतो तेव्हा रबरातलं गंधक आणि पितळेतलं तांबं यांचा बंध तयार होतो आणि त्या बंधावर सगळा टायर उभा असतो. बनवताना तारांना दमटपणा लागला, रबराचा थर वेळेत न वापरता पडून राहिला, मध्ये हवा अडकली, किंवा शिजण्याचा वेळ कमी पडला, तर हा बंध कच्चा राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. नवा टायर हवा धरतो, गोल फिरतो, बॅलन्सिंगलाही नीट बसतो.

पण गाडी धावायला लागली की वर सांगितलेल्या मापाचा टायर दर किलोमीटरला सुमारे ५०० वेळा फिरतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदाला १४ वेळा. प्रत्येक फेरीत जमिनीला टेकणारा भाग दबतो आणि सुटतो, आणि सर्वांत जास्त ताण पोलादी पट्ट्यांच्या कडांवर येतो. कच्चा बंध असेल तर तिथे केसाएवढी चीर पडते. ती कडेकडेने वाढते, मग दोन पट्ट्यांच्या मधून आत शिरते. उष्णता, जास्त वजन आणि कमी हवा ह्या तिन्ही गोष्टी तिला वेगाने पुढे ढकलतात. हे सगळं हजारो किलोमीटर गुपचूप चालू शकतं. शेवटी एखाद्या गरम दिवशी, भरलेल्या गाडीत, मोठ्या रस्त्यावर नक्षी सोलून निघते. दुकानात उभ्या गाडीवर हवा भरून ह्यातलं काय तपासणार? कारखान्यात याच कारणासाठी क्ष-किरणांनी तारांची मांडणी पाहतात, यंत्रावर फिरवून बलातला फरक मोजतात, आणि नमुन्याचे टायर भट्टीसारख्या गरम खोलीत ड्रमवर पळवून पळवून निकामी करतात. त्या तपासणीत जो टायर नापास झाला, त्यालाही बाहेरून चकाकी असतेच.

वयाचा मुद्दा तितकाच गंभीर आहे आणि त्यावर लोकांचा विश्वास पटकन बसत नाही. 'वापरलाच नाही तर खराब कसा होईल?' रबर वापराशिवायही म्हातारं होतं. टायरमधली हवा आतल्या थरातून अगदी सावकाश बाहेर झिरपत असते आणि जाताना तिच्यातला प्राणवायू रबराशी संयोग करत जातो, म्हणजे टायर आतून बाहेर असा कडक होत येतो. बाहेरच्या बाजूने ओझोन आणि ऊन काम करतात. ह्यांना अडवण्यासाठी रबरात खास रसायनं आणि मेण घातलेलं असतं. ते मेण टायर वाकत-दबत राहिला की पृष्ठभागावर येत राहतं. वर्षानुवर्षं एका जागी उभ्या असलेल्या टायरमध्ये ही हालचालच होत नाही. गोदामात न वापरलेला टायर हवा भरलेल्या टायरपेक्षा हळू म्हातारा होतो, हे खरं. पण ते गोदाम सावलीतलं आणि थंड होतं का पत्र्याचं, टायर सरळ उभे होते का एकमेकांवर रचून दाबले होते, शेजारी वेल्डिंग चालायचं का, हे तुम्हाला कोण सांगणार? अनेक गाडी उत्पादक सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात आणि बरेच टायर उत्पादक दहा वर्षं ही कमाल मर्यादा धरतात, नक्षी कितीही शिल्लक असली तरी. हा हिशोब करायला बनल्याची तारीख लागते. तारीख नसलेला टायर दोन वर्षांचा आहे की बारा वर्षांचा, हे रबराला बोट लावून सांगता येत नाही. मलाही येत नाही. कडकपणा मोजायचं उपकरण असतं, पण ते फक्त वरच्या पृष्ठभागाचा आकडा देतं. पट्ट्यांमधला बंध किती उरला आहे ते त्यालाही कळत नाही.

वय झालेल्या टायरचा पहिला फटका पावसात बसतो. कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, ब्रेक लावल्यावर गाडी पुढे सरकत राहते, आणि चालवणाऱ्याला वाटतं रस्ताच निसरडा होता.

आता मापाबद्दल. हे विशेषतः टायर बसवणाऱ्यांनी वाचावं. हलक्या ट्रकसाठी एकेकाळी साडेसोळा इंची रिम बऱ्याच वापरात होत्या. सोळा इंची टायर साडेसोळाच्या रिमवर अर्धवट चढतो. त्याची कड नीट बसत नाही म्हणून बसवणारा हवा वाढवत नेतो आणि एका क्षणी टायरच्या कडेतली पोलादी तारांची कडी तुटते. हवेच्या दाबाने टायर आणि रिम स्फोट झाल्यासारखे उडतात. अशा चुकीत माणसं दगावली आहेत. कड बसवताना साधारण ४० पीएसआयच्या वर जाऊ नये, हा नियम अशाच अपघातांमुळे सांगितला जातो. ज्याच्या बाजूवर माप नाही असा टायर बसवायला सांगणं म्हणजे समोरच्या कामगाराला हा धोका पत्करायला सांगणं आहे. चांगला फिटर नकार देतो. त्याच्यावर चिडू नका.

मापाबरोबर आणखीही काही सूचना जातात, ज्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. फिरण्याच्या दिशेचा बाण. आतली आणि बाहेरची बाजू. हवा गेल्यावरही काही अंतर चालणारा रनफ्लॅट टायर आहे का. शेतीच्या अवजारांसाठी, ट्रेलरसाठी, शर्यतीसाठी किंवा ताशी ८० किलोमीटरपर्यंतच चालवायच्या तात्पुरत्या स्टेपनीसाठी बनवलेला आहे का. 'रस्त्यावर वापरू नये' अशी स्पष्ट सूचना काही टायरवर मुळातच असते, आणि नेमकी तीच घासून तो टायर गाडीसाठी विकला जाऊ शकतो.

घासण्यानेच टायरला इजा होते का? ह्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. उठावाची अक्षरं एक मिलिमीटरपेक्षाही कमी उंचीची असतात. ती हलक्या हाताने तासली आणि खालच्या रबराला धक्का लागला नाही, तर टायरची ताकद कमी होत नाही. पण हे काम बहुधा ग्राइंडरवर, घाईत, खरखरीत चकतीने होतं. बाजूची भिंत टायरचा सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जास्त वाकणारा भाग आहे. रबराच्या काही मिलिमीटर थराखाली लगेच धाग्यांचा थर लागतो. चकती खोल गेली की तो थर उघडा पडतो, ग्राइंडरच्या उष्णतेने भोवतालचं रबर करपतं आणि प्रत्येक फेरीत त्याच जागी ताण साठत जातो. आत शिरलेला ओलावा धाग्यांच्या वाटेने पुढे सरकतो. बाजूच्या भिंतीची जखम दुरुस्त करता येत नाही, तिला पॅच चालत नाही. म्हणून घासलेल्या जागी बोट फिरवताना खड्डा लागला किंवा कापडासारखी वीण दिसली, तर तो टायर त्याच क्षणी बाद.

पदपथाच्या कडेला घासून झिजलेला टायर आणि मुद्दाम घासलेला टायर यांत फरक ओळखायला सोपा आहे. कडेला घासल्याच्या खुणा टायरच्या सगळ्यात फुगीर भागावर, गोलाईच्या दिशेने, वेड्यावाकड्या आणि लांबवर पसरलेल्या असतात. मुद्दाम घासलेली जागा आटोपशीर असते, नेमकी कोड जिथे असायला हवा तिथे, आणि आजूबाजूच्या चकाकीत ती मंद, भुरकट दिसते. काळं पॉलिश मारून ती झाकतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात पाहा. कधी तारीख घासून नवी उमटवलेली असते. तेव्हा मघाशी सांगितलेली चौकट शोधा. चौकट गायब, आकडे बाकीच्या अक्षरांहून वेगळ्या वळणाचे, कडा वितळल्यासारख्या, असं दिसलं की समजावं.

खुणा घासलेल्या टायरची नक्षीही खरी आहे असं गृहीत धरू नका. गुळगुळीत झालेल्या टायरमध्ये तापलेल्या पात्याने पुन्हा खाचा कोरतात. ट्रकचे काही टायर त्यासाठी जाड तळाचे बनवलेले असतात आणि तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. मोटारीच्या टायरमध्ये असं कोरलं तर पातं थेट पोलादी पट्ट्याच्या अंगावर येतं. ओळखायचं असेल तर खाचांच्या तळाशी असलेले झीज दाखवणारे उंचवटे पाहा. ते १.६ मिलिमीटर उंचीचे असतात आणि खऱ्या नक्षीत ठरावीक अंतरावर दिसतात. कोरलेल्या नक्षीत ते कापले गेलेले असतात किंवा खाच त्यांच्याहून खोल गेलेली असते. रिमोल्ड किंवा रिट्रेड टायरचंही, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेल्या टायरचंही तेच. नीट तपासलेल्या सांगाड्यावर चांगल्या कारखान्यात चढवलेलं रिट्रेड वाईट नसतं, मोठ्या वाहनांवर ते सर्रास चालतं, पण ते रिट्रेड आहे असं त्यावर लिहिलेलं असायला हवं. ते लिहिणं काढून नवा म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

तुम्ही असे टायर आधीच घेतले असतील किंवा जुन्या गाडीबरोबर आले असतील, तर घाबरण्याआधी एक काम करा. चाक उतरवून टायरची आतली बाजूही वाचा. तारखेसकट पूर्ण कोड बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला फक्त सुरुवातीचा भाग असतो आणि ती बाजू बाहेर आली असेल तर तारीख नाही असं वाटतं. आतल्या बाजूला पूर्ण कोड सापडला, बाहेर घासल्याची खूण नसली, तर हा सगळा प्रश्न तुमच्यापुरता मिटला. तिथेही घासलेलं असेल, तर रिमवरून काढून आतून पाहून घ्या. कमी हवेवर चाललेल्या टायरच्या आतल्या भिंतीवर सुरकुत्या किंवा रबराची काळी भुकटी दिसते, जुने पॅच दिसतात. बाहेरून फुगा दिसला तर आतले धागे तुटलेले आहेत. उलट, भिंतीवर आडवी खोलगट रेघ दिसली तर ती बहुतेक वेळा धाग्यांच्या थराचा जोड असते आणि तिने काही बिघडत नाही. ती पाहून बरेच जण विनाकारण घाबरतात.

आणि ह्या तपासणीत काहीच वावगं सापडलं नाही तरीसुद्धा तो टायर बदला. वर लिहिलेले पट्ट्यांमधले दोष ह्यातल्या कुठल्याही पाहणीत सापडत नाहीत, आणि म्हणूनच माझं मत विक्रेता किती विश्वासू वाटतो किंवा टायर किती सुंदर दिसतो यावर बदलत नाही. बदलेपर्यंत वेग कमी ठेवा, गाडी भरू नका, थंड टायरमध्ये हवा नियमित तपासा. स्टिअरिंगला नवी थरथर जाणवली किंवा चाकातून ठोके पडल्यासारखा आवाज यायला लागला तर त्याला बॅलन्सिंगचा दोष समजू नका. नक्षी सुटण्याआधी बऱ्याचदा असंच होतं. गाडी कडेला घेऊन चाक बदला. असा टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नका. स्टेपनी लागते ती नेमकी अडचणीच्या वेळी, अंधारात, अनोळखी रस्त्यावर, आणि वर्षानुवर्षं डिकीत पडून राहिल्यामुळे तिचं वय कुणी बघतच नाही.

दुचाकीवर तर हा विचारही नको. मोटारीचा एक टायर गेला तर उरलेली तीन चाकं गाडी थोडीफार सावरतात. दुचाकीचा पुढचा टायर वळणावर गेला तर सावरायला वेळच मिळत नाही.

पैसे कमी असतात हे मला कळतं. टायरची निवड बहुतेक घरांत खिसा पाहूनच होते आणि त्यात काही चूक नाही. त्या पैशांत काय घेता येईल ते सांगतो. फारसं नाव नसलेल्या कंपनीचा पण सगळ्या खुणा शाबूत असलेला नवा टायर, नावाजलेल्या कंपनीच्या खुणा घासलेल्या टायरपेक्षा केव्हाही बरा. गाडीच्या माहितीपत्रकात दिलेला भारांक आणि वेगाचं अक्षर जुळलं पाहिजे; त्याहून वरच्या अक्षराचा महाग टायर घ्यायची गरज नाही. चार एकदम परवडत नसतील तर दोन घ्या, दोन्ही एकसारखे आणि एकाच आसावर. ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती आवरणं कठीण असतं. गोदामात वर्ष-दीड वर्ष राहिलेला, तारीख स्पष्ट असलेला नवा टायर सवलतीत मिळाला तर खुशाल घ्या. वापरलेलाच घ्यायचा असेल तर रिमवर चढवलेला घेऊ नका, आतून बघायला मिळेल असाच घ्या, तारीख वाचा, आणि नक्षी तीन-चार मिलिमीटर तरी शिल्लक आहे का ते मोजा. नव्या टायरची साधारण सात ते आठ असते.

घेताना प्रत्येक टायरचा पूर्ण कोड बिलावर लिहून मागा आणि बसवण्याआधी त्याचा फोटो काढा. पुढे हमीचा दावा करायचा असो, अपघातानंतर विम्याच्या सर्वेक्षकाला दाखवायचं असो किंवा परत मागवलेल्या टायरच्या यादीत आपला आहे का ते पाहायचं असो, हाच कागद लागतो. खुणा घासलेल्या टायरच्या बिलावर विक्रेता काय लिहून देतो ते विचारून पाहा. 'टायर, चार नग' याशिवाय त्याला काही लिहिता येणार नाही.

राहिला तुमच्याकडे आधीच असलेल्या घासलेल्या टायरचा प्रश्न. तो कुणाला फुकट देऊ नका आणि भंगारवाल्याला अखंड देऊ नका. बाजूची भिंत धारदार सुरीने आरपार कापा, हवा धरणारच नाही अशी, आणि मगच द्या. अखंड गेला तर तो पॉलिश होऊन पुन्हा कुणाच्या तरी गाडीवर चढेल.